वाचकांचे प्रश्न: घरून निघायचं, सगळीकडे जायचं आणि कमीत कमी वेळात घरी परत

यावेळी आलेल्या पत्रांत आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमध्ये पाच जणांचे प्रश्न एकाच गोष्टीचे निघाले, कोणी डबे पोचवतं, कोणी पेपर टाकतं, कोणाला देवदर्शनाला जायचंय, पण सगळ्यांना हवंय एकच, निघालो तिथेच परत यायचंय आणि मधला फेरा लहानात लहान करायचाय. म्हणून या अंकाचा अख्खा कॉलम त्यांनाच दिलाय. गणित भीतीदायक नाहीये, ठिपके आणि रेषा काढता आल्या की झालं, यालाच ग्राफ थिअरी म्हणतात.

प्रश्न: माझा घरगुती डब्यांचा व्यवसाय आहे. नाशिकच्या इंदिरानगरहून सहा ठिकाणी डबे जातात, मुंबई नाका, शालिमार, पंचवटी कारंजा, अशोकस्तंभ, कॉलेज रोड आणि सिडकोतला त्रिमूर्ती चौक. भाचा स्कूटरवर जातो आणि जिथे असेल तिथून जवळचं ठिकाण आधी करतो, मलाही तेच बरोबर वाटतं. पण पंचवटीचा डबा रोज शेवटी पोचतो, तिथल्या काकूंचा रोज फोन येतो की भाजी गार झाली, आणि भाच्याला परत यायला दीड तासाच्या वर लागतो. क्रम बदलून काही फरक पडेल का? आठवडाभर वेळ लावून त्याने प्रत्येक दोन ठिकाणांमधली मिनिटं काढलीत, ती सोबत पाठवतेय.
डबेवाल्या ताई, इंदिरानगर

उत्तर: ताई, फरक पडेल, आणि थोडाथोडका नाही, रोजची 27 मिनिटं वाचतील. आधी तुमच्या भाच्याचं मनापासून कौतुक, कारण बहुतेक लोक "साधारण इतकं लागतं" असं लिहून पाठवतात आणि याने सात ठिकाणांच्या सगळ्या 21 जोड्या मोजल्यात. ते आकडे इथे देतोच, कारण पुढचं सगळं त्यावर आहे आणि कोणाला पडताळून बघायचं असेल तर बघता येईल.

इंदिरानगरपासून मुंबई नाका 10 मिनिटं, त्रिमूर्ती चौक 12, शालिमार 16, कॉलेज रोड 17, अशोकस्तंभ 18, पंचवटी 23. मुंबई नाक्यापासून शालिमार 8, अशोकस्तंभ 11, कॉलेज रोड 13, त्रिमूर्ती चौक 14, पंचवटी 15. शालिमारपासून अशोकस्तंभ 6, पंचवटी 9, कॉलेज रोड 12, त्रिमूर्ती चौक 19. पंचवटीपासून अशोकस्तंभ 9, कॉलेज रोड 16, त्रिमूर्ती चौक 28. अशोकस्तंभापासून कॉलेज रोड 8, त्रिमूर्ती चौक 20. आणि कॉलेज रोड ते त्रिमूर्ती चौक 15.

आता भाचा काय करतो बघा. घरून जवळ मुंबई नाका, तिथून जवळ शालिमार, तिथून अशोकस्तंभ, आणि इथे खरी गोची आहे, अशोकस्तंभावर उभं राहिलं की कॉलेज रोड 8 मिनिटं आणि पंचवटी 9, एका मिनिटाच्या फरकाने तो कॉलेज रोडला वळतो. कॉलेज रोडवरून परत तेच, त्रिमूर्ती चौक 15 आणि पंचवटी 16, परत एकाच मिनिटाने पंचवटी मागे राहते. मग सिडकोतून सगळं शहर ओलांडून 28 मिनिटं पंचवटी, आणि पंचवटीहून घरी 23. बेरीज केली तर 10, 8, 6, 8, 15, 28, 23, म्हणजे 98 मिनिटं. जवळचं आधी करण्यात चूक अशी की ती पद्धत फक्त पुढचं पाऊल बघते, मागे काय राहून गेलं त्याचं बिल शेवटी एकदम येतं.

मग करायचं काय, तर पंचवटीला शेवटून उचला आणि शालिमार नि अशोकस्तंभ यांच्या मध्ये ठेवा. शेवटी ठेवल्यामुळे पंचवटी किती मिनिटं खातेय? त्रिमूर्ती चौकातून तिकडे 28 आणि तिथून घर 23, झाले 51, ती नसती तर त्रिमूर्ती चौकातून घर 12 वर आहे, म्हणजे पंचवटीपायी 39 मिनिटं जातायत. शालिमार आणि अशोकस्तंभाच्या मध्ये घातली तर जायला 9, यायला 9, आणि शालिमार ते अशोकस्तंभ ही 6 मिनिटं वाचतात, म्हणजे फक्त 12. 39 च्या जागी 12. नवा फेरा असा होतो, इंदिरानगर, मुंबई नाका, शालिमार, पंचवटी, अशोकस्तंभ, कॉलेज रोड, त्रिमूर्ती चौक, घर, आणि बेरीज 71. पंचवटीच्या काकूंना डबा आत्ता निघाल्यापासून 75 व्या मिनिटाला मिळतो, तो 27 व्या मिनिटाला मिळेल (डबे उतरवायचा वेळ धरलेला नाही, तो कोणत्याही क्रमात सारखाच).

हा हिशोब म्हणजे एक ठिकाण उचलून दुसऱ्या फटीत घालून बघणं, किती वाचले आणि किती वाढले एवढंच. रोज एखादं ठिकाण असं हलवून बघायचं, कमी झालं तर ठेवायचं, नाही तर परत जागेवर. नवीन गिऱ्हाईक आलं तरी हेच करा, सगळा रूट मोडू नका, नवं ठिकाण सातही फटींत घालून बघा आणि जिथे सगळ्यात कमी वाढेल तिथे बसवा.

तुम्ही विचाराल की 71 पेक्षा कमी नसेलच कशावरून? हा प्रश्न मला स्वतःला सगळ्यात आवडतो, कारण याचं उत्तर एकही फेरा न काढता बरंचसं देता येतं. प्रत्येक ठिकाणी स्कूटर एकदा येणार आणि एकदा जाणार, म्हणजे प्रत्येक ठिपक्याला दोन रेषा लागणारच. त्या दोन रेषा कितीही चांगल्या निवडल्या तरी त्या ठिकाणच्या सगळ्यात लहान दोन रेषांपेक्षा लहान असू शकत नाहीत. इंदिरानगरच्या दोन सगळ्यात लहान 10 आणि 12, मिळून 22. मुंबई नाका 18, शालिमार 14, पंचवटी 18, अशोकस्तंभ 14, कॉलेज रोड 20, त्रिमूर्ती चौक 26. सगळी बेरीज 132, आणि प्रत्येक रेषा दोन्ही टोकांना मोजली गेली म्हणून निम्मे करा, 66. म्हणजे जगातला कोणीही आला तरी या आकड्यांवर 66 च्या खालचा फेरा काढू शकत नाही, तुमचा 71 वर आलाय, म्हणजे फार तर पाच मिनिटांचा प्रश्न उरला. तो मी सगळे फेरे तपासून सोडवला. घर पक्कं धरलं तर सहा ठिकाणांचे क्रम 6 गुणिले 5 गुणिले 4 गुणिले 3 गुणिले 2, म्हणजे 720, त्यात उलट-सुलट एकच धरले तर 360 फेरे, आणि त्यात 71 सगळ्यात कमी आहे.

दुसऱ्या नंबरला 75 मिनिटांचा फेरा आहे, तोही लिहून ठेवा. त्यात मुंबई नाक्यावरून सरळ पंचवटी, मग शालिमार, मग अशोकस्तंभ, पुढे तसंच. फक्त चार मिनिटं जास्त. सणाच्या दिवसांत मेन रोड-शालिमारची गर्दी तुम्हाला सांगायला नको, अशा दिवशी शालिमारची मिनिटं वाढतात, तेव्हा हा दुसरा फेरा हाताशी असू द्या आणि त्या दिवसाचे आकडे टाकून दोन्हीची बेरीज करून बघा.

अजून दोन गोष्टी. एक म्हणजे फेरा उलटा फिरवला तरी 71 च, तेव्हा कोणाची जेवणाची सुट्टी आधी होते त्यावरून दिशा ठरवा, सरळ गेलात तर त्रिमूर्ती चौक 59 व्या मिनिटाला येतो आणि उलट गेलात तर 12 व्या. पण वन-वेमुळे जायची आणि यायची मिनिटं वेगळी असतील तर उलटा फेरा वेगळा मोजावा लागेल, मग 360 नाही, पूर्ण 720 फेरे वेगवेगळे. दुसरी गोष्ट गोदावरीची. घर नदीच्या या बाजूला आहे, म्हणजे पूल ओलांडून पलीकडे गेलेली स्कूटर परत अलीकडे यायलाच हवी, पूल नेहमी दोनदा, चारदा, सहादा असाच ओलांडला जातो, तीनदा कधीच नाही. उद्या मेरी किंवा म्हसरूळचं गिऱ्हाईक मिळालं तर ते पंचवटीला लागूनच ठेवून बघा, आडगाव नाका, हिरावाडी हेसुद्धा, पलीकडचं सगळं एका खेपेत उरकलं की पुलावरच्या चार फेऱ्यांच्या दोन होतात.

प्रश्न: आता मोबाइलवर मॅप असताना हे सगळं कागदावर कशाला करायचं? तो शॉर्टेस्ट रस्ता दाखवतोच की.
एक वाचक, नाशिक रोड

उत्तर: दादा, मॅप दाखवतो तो शॉर्टेस्ट रस्ता इथून तिथे जायचा. नाशिक रोड स्टेशनपासून पांडवलेणीला कसं जायचं, हा एक प्रश्न. नाशिक रोडहून निघून आठ ठिकाणी जाऊन परत यायचं तर कोणत्या क्रमाने, हा वेगळाच प्रश्न. मॅपमध्ये तुम्ही एकापुढे एक स्टॉप टाकता तेव्हा तो तुम्ही दिलेल्या क्रमानेच रस्ता काढतो, क्रम तुमचा तुम्हीच ठरवायचा असतो.

पहिला प्रश्न सोपा आहे आणि त्याची पद्धत सुंदर आहे. एडस्खर डाइकस्ट्रा नावाच्या डच शास्त्रज्ञाने 1956 साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये होणाऱ्या बायकोबरोबर खरेदीला गेलेला असताना एका कॅफेत बसून वीसेक मिनिटांत ती मनातल्या मनात शोधली, कागद-पेन नव्हतं, आणि 1959 ला छापली. पद्धत अशी समजा की स्टेशनवर पाणी सोडलंय आणि ते सगळ्या रस्त्यांवरून सारख्या वेगाने पसरतंय. ज्या चौकात पाणी आधी पोचलं त्या चौकाचं उत्तर पक्कं झालं, आता त्यापेक्षा लवकर तिथे कोणी पोचू शकत नाही, मग त्या चौकातून पुढे. हजारो चौक असले तरी कॉम्प्युटर हे डोळ्याची पापणी लवायच्या आत करतो.

म्हणून दोन्हीची जोडी लावा. कोणत्या दोन ठिकाणांमध्ये किती मिनिटं हे मॅपला विचारा, आणि क्रम कागदावर ठरवा. एक सावधगिरी, मिनिटं आपण ज्या वेळेला निघतो त्याच वेळेची घ्या, सकाळी सहाचा द्वारका चौक आणि संध्याकाळी सातचा द्वारका चौक हे दोन वेगळे नकाशे आहेत. 2027 च्या सिंहस्थात पंचवटी-रामकुंडाकडचे रस्ते बंद होतील तेव्हा तर नकाशातल्या रेषाच पुसल्या जातील, त्या दिवसांत जुना फेरा उपयोगाचा नाही, पाणी नव्याने सोडायचं.

प्रश्न: मी कॉलेज करून पहाटे पेपरची लाईन टाकतो. आमची लाईन म्हणजे दोन लांब गल्ल्या समोरासमोर आणि त्यांना जोडणारे तीन आडवे बोळ, दोन टोकांना दोन आणि एक मधे. प्रत्येक गल्लीत घरं आहेत त्यामुळे सगळ्या गल्ल्या कराव्याच लागतात. कुठल्याही बाजूने सुरुवात केली तरी काहीतरी परत चालावं लागतं. माझं चुकतंय की ते तसंच आहे?
पेपरवाला, गंगापूर रोड

उत्तर: मित्रा, तुझं काहीही चुकत नाहीये, तुझ्या लाईनचा आकारच तसा आहे, आणि हे सिद्ध करता येतं.

पण त्याआधी एक फरक. ताईंना ठिकाणं गाठायची होती, मधला रस्ता कोणता याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. तुला रस्तेच सगळे करायचेत. ऐकायला दोन्ही सारखंच वाटतं पण गणितात जमीन-अस्मानाचा फरक आहे, ठिकाणांचा प्रश्न महाकठीण आणि रस्त्यांचा प्रश्न सोपा. मला आजही याचं नवल वाटतं. त्यामुळे फेरा ठरवायला बसताना पहिलं विचारायचं ते हे की मला ठिपके करायचेत की रेषा? पेपर, घंटागाडी, रस्ता झाडणं, मीटर रीडिंग हे सगळे रेषावाले.

रेषांचं गणित 1736 सालचं आहे. कोनिग्सबर्ग नावाचं शहर होतं, आता ते रशियात आहे आणि त्याला कालिनिनग्राद म्हणतात. नदीमुळे शहराचे चार तुकडे झालेले आणि सात पूल. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळं शहर फिरता येईल का, असं लोक विचारायचे. लिओनार्ड ऑयलरने सांगितलं, नाही येणार, आणि कारण एका ओळीचं आहे. एखाद्या जागी तुम्ही एका पुलाने येता आणि दुसऱ्या पुलाने जाता, म्हणजे पूल जोडीने वापरले जातात. जिथे पुलांची संख्या विषम आहे तिथे एक पूल एकटा उरतो, तिथे तुम्ही एक तर सुरुवात केलेली असते नाही तर अडकलेले असता. सुरुवात आणि शेवट धरून अशा जागा फार तर दोन चालतात, आणि कोनिग्सबर्गात तर चारही तुकड्यांना विषम पूल होते, एकाला पाच आणि तिघांना तीन तीन.

आता तुझी लाईन काढ. दोन लांब गल्ल्या, तीन बोळ, सहा कोपरे. चार टोकाच्या कोपऱ्यांना दोन दोन रस्ते मिळतात, ते ठीक. मधल्या बोळाच्या दोन्ही कोपऱ्यांना तीन तीन, विषम. म्हणून निघालास तिथेच परत यायचं तर काही ना काही परत चालावंच लागतं. आता प्रश्न एवढाच की कमीत कमी काय परत चालायचं, तर त्या दोन विषम कोपऱ्यांना जोडणारा सगळ्यात छोटा रस्ता, म्हणजे मधला बोळ. तो दोनदा चालला की दोन्ही कोपऱ्यांना चार चार रेषा होतात, सगळं सम, आणि सम झालं की घरी परत येणारा फेरा नक्की निघतो. समज तुझ्या लांब गल्लीचा प्रत्येक अर्धा भाग 120 मीटर आहे आणि बोळ 80 मीटरचा, तर चार अर्ध्या गल्ल्या 480, तीन बोळ 240, एकूण 720, त्यात मधला बोळ परत एकदा, 800 मीटर. याहून कमी शक्यच नाही. 800 च्या वर चालत असशील तर तेवढंच वाचवण्यासारखं आहे.

ही पद्धत 1960 साली ग्वान मेइगू या चिनी गणितज्ञाने पोस्टमनसाठी मांडली, म्हणून जगभर तिला चायनीज पोस्टमनचा प्रश्न म्हणतात. मोठ्या कॉलनीत विषम कोपरे चार किंवा सहा निघतात, मग त्यांच्या जोड्या लावून बघायच्या. चार असतील तर जोड्या तीन प्रकारे लागतात, सहा असतील तर पंधरा प्रकारे, ज्यात परत चालायचं अंतर सगळ्यात कमी ती लावणी घ्यायची. पाच किंवा सात विषम कोपरे कधीच निघणार नाहीत, निघाले तर मोजताना चूक झाली म्हणून समज, कारण प्रत्येक रस्त्याला दोन टोकं असतात, त्यामुळे सगळ्या कोपऱ्यांची बेरीज सम येते आणि विषम कोपरे नेहमी जोडीनेच असतात.

आणि एक अगदी कामाची गोष्ट सांगतो. गल्ली रुंद असेल, मधे डिव्हायडर असेल आणि तू डावीकडची घरं एका खेपेत आणि उजवीकडची दुसऱ्या खेपेत करत असशील तर प्रत्येक गल्लीतून तुला दोनदा जायचंच आहे. मग प्रत्येक कोपऱ्याच्या रेषा आपोआप दुप्पट, म्हणजे सम! अशा कॉलनीत कितीही वेडावाकडा नकाशा असला तरी एक मीटरही फुकट न चालता पूर्ण फेरा निघतो. फक्त क्रम धीराने शोधावा लागतो, कुठे तरी मधेच छोटा फेरा बंद झाला आणि काही गल्ल्या राहिल्या तर घाबरायचं नाही, त्या राहिलेल्या गल्ल्यांचा वेगळा फेरा काढायचा आणि जिथे दोन्ही फेरे एका कोपऱ्यावर भेटतात तिथे जोडून द्यायचा.

प्रश्न: आम्हा दोघांना त्र्यंबकेश्वर, वणीची सप्तशृंगी आणि शिर्डी असं एकाच फेऱ्यात करायचंय. सोयीचा क्रम कोणता?
निवृत्त काका, जेल रोड

उत्तर: काका, घर धरून चारच ठिकाणं आहेत, उलट-सुलट एकच मानलं तर फेरे फक्त तीन, तिन्ही कागदावर मांडून बेरीज करता येईल. पण तुमच्या नकाशाचा आकार वेगळा आहे. त्र्यंबक पश्चिमेला, गड उत्तरेला, शिर्डी आग्नेयेला, आणि नाशिक बरोब्बर मधे. फेरा गोल असतो तेव्हा न थांबता पुढे जाण्यात फायदा, इथे त्र्यंबकहून शिर्डीला जाताना तुमचं घर जवळजवळ वाटेतच येतं, मग घर टाळून काय मिळणार? त्र्यंबक सुमारे 30 किलोमीटर आहे, ते एका दिवशी करा, रात्री घरी झोपा, गड दुसऱ्या दिवशी, शिर्डी तिसऱ्या. किलोमीटर थोडे वाढतील पण लॉजचा खर्च नाही आणि काकूंच्या गुडघ्यांना आराम.

प्रश्न: सर, आमच्या कॉलेजात सांगितलं की ट्रॅव्हलिंग सेल्समनच्या प्रश्नाला उत्तरच नाही. मग कंपन्या डिलिव्हरी कशा करतात? मला यावर मिनी प्रोजेक्ट करायचाय.
इंजिनिअरिंग दुसरं वर्ष, आडगाव

उत्तर: ट्रॅव्हलिंग सेल्समनचा प्रश्न म्हणजे वरच्या डबेवाल्या ताईंचाच प्रश्न, सगळी ठिकाणं करून घरी परत यायचा सगळ्यात लहान फेरा कोणता. त्याला उत्तर नेहमी असतं. फेरे मोजता येण्यासारखे असतात, त्यात एक सगळ्यात लहान असणारच. नाहीये ते असं, की ठिकाणं कितीही असली तरी नक्की सगळ्यात लहान फेरा झटपट शोधून देणारी पद्धत आजवर कोणाला सापडलेली नाही, आणि अशी पद्धत असूच शकत नाही हेही कोणी सिद्ध केलेलं नाही. तशी पद्धत सापडली किंवा ती असूच शकत नाही असं सिद्ध झालं तर गणितातला एक फार मोठा प्रश्न सुटेल, त्यावर 2000 सालापासून दहा लाख डॉलरचं बक्षीस आहे.

अडचण किती मोठी ते आकड्यांत बघ. 7 ठिकाणांचे फेरे 360, 10 ठिकाणांचे 1,81,440, 15 ठिकाणांचे 4,358 कोटींच्या वर, आणि 20 ठिकाणांचे सुमारे 608 कोटी कोटी. सेकंदाला एक कोटी फेरे तपासणारा प्रोग्राम लिहिलास तर 15 ठिकाणांना सव्वा तास लागेल आणि 20 ठिकाणांना 190 वर्षांहून जास्त.

पण एक एक फेरा तपासायची गरजच नाही, हे 1962 साली बेलमन यांनी आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे हेल्ड आणि कार्प यांनी दाखवलं. समज स्कूटर आत्ता कॉलेज रोडवर उभी आहे आणि आतापर्यंत मुंबई नाका, शालिमार, पंचवटी झालंय. ती तीन कोणत्या क्रमाने झाली याचा पुढच्या प्रवासाशी काही संबंध नाही, म्हणून त्या सगळ्या क्रमांपैकी फक्त सगळ्यात कमी वेळाचा लक्षात ठेव, बाकी सोडून दे. "कोणती ठिकाणं झाली आणि आत्ता कुठे आहे" एवढ्या दोनच गोष्टींचा तक्ता भरत जायचा. 20 ठिकाणांना हे काम साधारण 42 कोटी पायऱ्यांत होतं, म्हणजे त्याच कॉम्प्युटरवर 190 वर्षांऐवजी मिनिटभराच्या आत. 30-35 च्या पुढे मात्र मेमरी पुरत नाही.

त्याच्या पुढे वेगळी हत्यारं लागतात. 1954 सालीच डँट्झिग, फुल्कर्सन आणि जॉन्सन यांनी अमेरिकेतल्या 49 शहरांचा नक्की सगळ्यात लहान फेरा काढला होता, त्यांची कल्पना वरच्या ताईंच्या 66 मिनिटांसारखीच होती, "याच्या खाली जाताच येणार नाही" अशी खालची रेघ ओढायची आणि ती वर वर सरकवत नेऊन फेऱ्याला भिडवायची. तीच कल्पना वाढवत वाढवत 2006 साली 85,900 ठिकाणांचा प्रश्न पूर्ण सुटला, तो चिप बनवण्यातून आलेला होता. कंपन्यांना रोज इतकं नक्की नको असतं, दोन-चार टक्क्यांनी जास्त चालतं पण उत्तर लगेच हवं, म्हणून त्या आधी एक कच्चा फेरा काढतात आणि मग ठिकाणं हलवून, फेऱ्याच्या दोन रेषा एकमेकींना छेदत असतील तर तो तिढा सोडवून, तो सुधारत जातात. 1976 साली क्रिस्टोफिडिस यांनी तर अशी पद्धत दिली की फेरा सगळ्यात लहान फेऱ्याच्या दीडपटीच्या वर कधीच जाणार नाही, याची हमी (अट एवढीच की अंतरं दोन्ही दिशांनी सारखी असावीत आणि मधे तिसरीकडे वळून गेल्याने अंतर कमी होऊ नये). गंमत म्हणजे त्या पद्धतीत पेपरवाल्या मित्राचेच विषम कोपरे आणि त्यांच्या जोड्या लागतात, ठिपक्यांचा अवघड प्रश्न सोडवायला रेषांचा सोपा प्रश्न मदतीला येतो.

प्रोजेक्टसाठी माझं म्हणणं ऐकशील तर पन्नास शहरांच्या मागे लागू नकोस. तीन प्रोग्राम लिही, एक जवळचं आधी करणारा, दुसरा त्याचा फेरा घेऊन एक एक ठिकाण उचलून दुसऱ्या फटीत घालून बघणारा, आणि तिसरा हेल्ड-कार्पचा तक्ता भरणारा. आकडे शोधत बसायची गरज नाही, पहिल्या उत्तरात ताईंच्या भाच्याने मोजलेले 21 आकडे आहेत, तेच टाक. पहिल्या प्रोग्रामने 98 दिलं पाहिजे, दुसऱ्याने आणि तिसऱ्याने 71. वेगळं काही आलं तर आधी तक्ता दोन्ही बाजूंनी सारखा भरलाय ना ते बघ, आणि घरी परत यायची शेवटची रेषा बेरजेत घेतलीयेस ना तेही बघ, बहुतेक मुलांची चूक तिथेच सापडते.